जोडसामानाचा सोस आणि खवळलेले पाणी

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वार्षिकांकासाठी लिहायचे म्हटले की आमच्यापैकी बहुतेक जण निसर्ग, मैत्री, स्त्रीजीवन, नाही तर एखाद्या कादंबरीचे रसग्रहण यांकडे वळतात. त्यात गैर काही नाही. पण ज्या किनाऱ्यावर आपले महाविद्यालय उभे आहे, तिथल्या कित्येक घरांची चूल आज पर्यटकांना पाण्यावरून फिरवून आणणाऱ्या यंत्रांवर पेटते. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी काही मुले शनिवार-रविवारी हीच यंत्रे चालवतात आणि सोमवारी डोळे लाल करून तासाला बसतात. मग हा विषय आपला नाही, असे कसे म्हणावे?

विषय आहे जेट स्कीचा, म्हणजे आपल्याकडे जिला सर्रास वॉटर स्कूटर म्हणतात तिचा. त्यातही, कारखान्यातून आलेल्या गाडीला नंतर बाजारातून आणून जे जोडसामान बसवतात, त्याचा. गाडी घ्यायची आणि लगेच तिच्यावर काही ना काही चढवायचे, हा सोस आता मोटारसायकलींवरून पाण्यावरही आला आहे. खवळलेल्या पाण्यात गाडी चांगली वळावी, उधळू नये, हातात राहावी म्हणून हे सामान विकले जाते. ते सारे निरुपयोगी असते, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की, कोणते सामान चांगले हे दुकानाच्या फळीवर ठरत नाही. गाडी कोणत्या पाण्यात जाणार, ती कोणाच्या हातात असणार आणि तिच्या मागे कोण बसणार, यावर ते ठरते. हे तीन प्रश्न न विचारता बसवलेले सामान म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आधी या यंत्राविषयी थोडेसे. त्याचा जन्म अमेरिकेतला. क्लेटन जेकबसन नावाच्या मोटारसायकल-शर्यतपटूला, जमिनीवर पडून अंग सोलून घेण्यापेक्षा पाण्यात पडलेले बरे असे वाटले आणि त्यातून पाण्यावरच्या मोटारसायकलीची कल्पना निघाली, असे सांगतात. १९६८ मध्ये कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने 'सी-डू' नावाची बसायची गाडी आणली. पण ती चालली नाही आणि लवकरच बंद पडली. पुढे १९७३ च्या सुमारास जपानच्या कावासाकीने उभ्याने चालवायची 'जेट स्की' बाजारात आणली. वास्तविक जेट स्की हे त्या एका कंपनीचे नाव. पण वनस्पती तुपाला आपण जसे सरसकट 'डालडा' म्हणू लागलो, तसे ते नाव साऱ्या जातीला चिकटले. १९८६ मध्ये यामाहाची बसायची गाडी आली, १९८८ मध्ये सी-डूने पुन्हा जन्म घेतला आणि पाण्यावर दोघातिघांना बसवून पळणाऱ्या गाड्यांचे युग सुरू झाले. आपल्या किनाऱ्यावर दिसतात त्या याच बसायच्या गाड्या.

या गाडीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे तिला सुकाणू नाही. होडीला सुकाणू असते, मचव्याला असते, हिला मात्र नाही. गाडीच्या पोटाखाली एक तोंड असते. त्यातून पाणी आत ओढले जाते, नळीतला पंखा ते जोराने मागे फेकतो आणि त्या झोताच्या धक्क्याने गाडी पुढे जाते. बागेला पाणी घालताना नळ एकदम जोरात सोडला की हातातली रबरी नळी मागे उसळते, तत्त्व तेच. हँडल फिरवले की मागच्या झोताचे तोंड वळते आणि गाडी वळते. याचा अर्थ असा की, झोत आहे तोवरच वळण आहे. घाबरून मूठ सोडली की झोत बंद, आणि झोत बंद झाला की हँडल कितीही फिरवा, साधी गाडी नाकासमोर सरळच जाणार! माणूस घाबरला की पहिली मूठ सोडतो आणि नेमकी तेव्हाच गाडी त्याचे ऐकेनाशी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये या गाड्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हौसेच्या जलवाहनांत हेच एक असे आहे की ज्यात माणसे बुडून मरण्यापेक्षा आपटून, धडकून अधिक मरतात, असे त्यात दिसून आले. म्हणजे इथे खरा प्रश्न तरंगण्याचा नसून गाडी ताब्यात राहण्याचा आहे.

शांत पाण्यात हे सारे सोपे वाटते. लाटा उठल्या की गोष्ट बदलते. गाडी लाटेच्या माथ्यावर चढते आणि क्षणभर हवेत जाते. पोटाखालच्या तोंडाला पाण्याऐवजी हवा मिळते. पंखा मोकळा भिरभिरतो, यंत्र किंचाळते. पण झोत नसतो, म्हणून वळणही नसते. पुढच्याच क्षणी गाडी पाण्यावर आदळते, पंख्याला पाणी सापडते आणि ती हिसका देऊन पुढे झेपावते. हा हिसका सवयीच्या माणसाला कळतो, नवख्याला मागे फेकतो. फेसाळ पाण्यात तर आणखी पंचाईत. वरून ते पाणी दिसते, पण त्यात अर्धी हवाच असते. पंखा फिरत राहतो आणि गाडी जागच्या जागी फुरफुरते. ज्यांनी खाडीच्या मुखाशी फुटणारी लाट पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या त्रासांवर उपाय म्हणून जे सामान निघाले, त्यातील मुख्य वस्तू तीन. पहिली म्हणजे पोटाखालच्या तोंडावरची जाळी. मुळात ती दगडगोटे आत जाऊ नयेत म्हणून असते. खडबडीत पाण्यासाठी मिळणाऱ्या जाळीच्या पट्ट्यांना असा आकार दिलेला असतो की, त्या समोरून येणारे पाणी ओंजळीसारखे वर पंख्याकडे ढकलतात. त्यामुळे गाडी उसळून खाली आली की पंख्याला पाणी लवकर सापडते. दुसरी वस्तू राइड प्लेट. गाडीच्या मागच्या टोकाला, पंख्याच्या नळीखाली बसणारी सपाट पट्टी. तिच्या लांबीवरून आणि कलावरून गाडीची नाळ किती वर राहते आणि गाडी पाण्यावर माशासारखी उड्या मारते की नाही, हे बरेचसे ठरते. तिसरी वस्तू स्पॉन्सन, म्हणजे मागच्या बाजूला डावी-उजवीकडे बसवलेले पंख. वळताना आतल्या बाजूचा पंख पाण्यात रुततो, त्यामुळे गाडी घसरत न जाता चाकोरीतून गेल्यासारखी वळते. यांखेरीज उभ्याने चालवायला सोयीचे उंच हँडल, पाय घसरू नये म्हणून चिकटवायची खडबडीत चटई, झोताचे तोंड वरखाली करून नाळ उचलायची किंवा दाबायची सोय, असे बरेच काही मिळते.

आता यातली खरी गोम पाहा. यातील प्रत्येक वस्तू काही देते आणि त्या बदल्यात काही घेते. लांब पट्टी सरळ धावेत गाडीला स्थिर ठेवते, पण चटकन वळण्याची चपळाई कमी करते. उंच हँडल उभे राहणाऱ्याला सोयीचे, बसणाऱ्याचे खांदे मात्र त्याने अवघडतात. नाळ दाबून ठेवली तर वळण चांगले मिळते; पण मागून लाट येत असताना तीच दाबलेली नाळ पुढच्या लाटेच्या पोटात घुसते आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. स्पॉन्सनचे तर विचारूच नका. ते खाली बसवले तर पाणी घट्ट धरतात, वर बसवले तर सैल. घट्ट धरणारी गाडी वळणावर एकदम वळते. तिच्यावरची माणसे मात्र पूर्वीच्याच दिशेने जायला निघालेली असतात. चालवणाऱ्याच्या हातात निदान हँडल तरी असते. मागे बसलेल्याचे काय?

माझा आत्येभाऊ गेली काही वर्षे हंगामात ही गाडी चालवतो. मोटर सायन्सचे कोणतेही पुस्तक त्याने वाचलेले नाही. मालकाने नवे पंख बसवून आणले, तेव्हा दोन फेऱ्या मारून आल्यावर तो एवढेच म्हणाला, "गाडी पाणी धरता ह्यां बरां, पण मागे बसलेलो माणूस काय धरता तां कोण बगतलो?" हा सारा लेख खरे तर त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

हे सामान कोणासाठी निघाले, ते पाहिले म्हणजे त्याच्या बोलण्यातले मर्म कळते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात लेक हवासू नावाचा जलाशय आहे. कोलोरॅडो नदीवर पार्कर धरण बांधल्यामुळे तो तयार झाला. लंडनच्या जुन्या पुलाचे दगड समुद्रापार नेऊन जिथे १९७१ मध्ये पूल पुन्हा उभारला, ते गाव याच जलाशयाच्या काठी आहे. जेट स्कीच्या शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या जागतिक अंतिम शर्यती अनेक वर्षे इथेच भरत आल्या. या शर्यतींत, गाडीत किती बदल करायची मुभा आहे यावरून वर्ग पाडलेले असतात. जवळजवळ मूळ रूपातल्या गाड्या एका वर्गात, भरपूर बदललेल्या दुसऱ्यात. तिथले पाणी खवळते ते मुख्यतः स्वारांच्याच गाड्यांनी. पहिल्या फेरीतच सारे पाणी नांगरलेल्या शेतासारखे होते आणि त्यातून बोयांना वळसे घालत जायचे असते. तिथे क्षणाक्षणाचा हिशेब, म्हणून पाणी घट्ट धरणारे पंख हवेतच. पण त्या गाडीवर माणूस एकटा असतो, तरुण असतो, कसरतीने अंग कमावलेला असतो आणि शर्यत काही मिनिटांची असते. त्याच्या मागे नाशिकहून आलेल्या आजीबाई साडी सावरीत बसलेल्या नसतात!

एका गोष्टीचे श्रेय मात्र या शर्यतपटूंना आणि हौशी कारागिरांना दिलेच पाहिजे. जोडसामान हे कारखान्याच्या डोक्यापुढे एक पाऊल चालते. एके काळी वरून लावायचे पंख आज बहुतेक बसायच्या गाड्यांना कारखान्यातूनच लावलेले येतात. मूठ सोडल्यावरही गाडी वळावी म्हणून छोटी सुकाणी बसवण्याचे प्रयोग झाले. पुढे काही कंपन्यांनी तशी सोय स्वतःच दिली, आणि २००९ मध्ये सी-डूने पाण्यावर ब्रेक लागणारी गाडी आणली. तेव्हा 'कंपनीने दिले ते ब्रह्मवाक्य, त्याला हात लावू नये' असे जे म्हणतात त्यांच्याशीही मी सहमत नाही. कंपनी गाडी बनवते ती सरासरी माणसासाठी आणि सरासरी पाण्यासाठी. प्रत्यक्षात कोणतेच पाणी सरासरी नसते. आपल्या पाण्यासाठी गाडी जुळवून घेण्याचा हक्क चालवणाऱ्याला आहेच. प्रश्न आहे तो कशासाठी जुळवून घ्यायची, हा.

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मला शर्यतीच्या मैदानात नाही, हवाई बेटांवर मिळाले. ओआहू बेटावरच्या जीवरक्षकांनी, विशेषतः माकाहाच्या ब्रायन केऔलाना यांनी, १९९० च्या आसपास जेट स्की बचावकार्यात आणली. जिथे साधी बोट जाऊ शकत नाही अशा फुटत्या लाटांत ही गाडी शिरू शकते, तिला बाहेर फिरणारा पंखा नसल्याने पाण्यातल्या माणसाला इजा होण्याची भीती कमी, हे त्यांनी ओळखले. पण बुडता माणूस वर चढणार कसा? दमलेला, पाणी प्यायलेला माणूस उंच आसनावर चढू शकत नाही. म्हणून त्यांनी गाडीच्या मागे एक लांबट, मऊ, हातांनी धरायच्या पट्ट्या असलेली गादी बांधली. माणसाने नुसते तिच्यावर अंग टाकायचे, पट्टी धरायची आणि गाडीने त्याला लाटेच्या बाहेर घेऊन जायचे. पाहा, हेही जोडसामानच! त्याने गाडीचा वेग वाढत नाही, रूप खुलत नाही, उलट वळणाला ती थोडी जडच होते. पण खवळलेल्या पाण्यात गाडीचे काम काय, हा प्रश्न ज्यांनी आधी विचारला, त्यांना हेच सुचले.

त्या गादीची आणि ती ओढणाऱ्या गाडीची कसोटी पुढे पोर्तुगालमधील नाझारे येथे लागली. तिथे समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ आहे, ती जवळजवळ किनाऱ्यापर्यंत येते. एरवी उथळ तळाला घासून लाटांचा जोर कमी होतो. इथे घळीवरून येणारी लाट जोर न गमावता येते आणि किनाऱ्याजवळ डोंगरासारखी उभी राहते. नोव्हेंबर २०११ मध्ये गॅरेट मॅकनमारा हा तिथे ७८ फुटांच्या लाटेवरून उतरला आणि नाझारे जगाच्या नकाशावर आले. इतक्या वेगाच्या लाटेवर हातांनी पाणी मारत पोहोचता येत नाही, म्हणून जेट स्कीने दोरीच्या साहाय्याने ओढून नेतात आणि पडल्यावर जेट स्कीनेच उचलून आणतात. २८ ऑक्टोबर २०१३ रोजी ब्राझीलची माया गबेरा तिथे पडली. लाटांनी तिला वारंवार खाली दाबले, तिची शुद्ध हरपली. तिचा साथीदार कार्लोस बुर्ले फेसातून गाडी घालून तिच्यापर्यंत गेला, कसेबसे तिला किनाऱ्याशी आणले आणि वाळूवर छाती दाबून तिला पुन्हा श्वास दिला गेला. हीच माया फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच नाझारेत ७३.५ फुटांच्या लाटेवरून उतरली आणि स्त्रियांमधला विक्रम तिच्या नावावर नोंदला गेला. वर सांगितले त्याप्रमाणे फेसात पंख्याला पाणी सापडत नाही. अशा वेळी पाणी धरून ठेवणारी जाळी, सुस्थितीतला पंखा आणि मागची गादी यांची किंमत काय असते, हे वेगळे सांगायला नको. आणि या सर्वांपेक्षा मोठी किंमत असते ती मूठ केव्हा दाबायची आणि केव्हा सोडायची हे जाणणाऱ्या हाताची.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आपल्याकडे नाझारेच्या लाटा नाहीत. पावसाळ्यात समुद्र उधाणतो तेव्हा हा धंदाच बंद असतो. पण म्हणून आपले पाणी साधे, असे समजणे बरोबर नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी समुद्र तेलासारखा असतो. मार्च उजाडला की दुपारी वायव्येचे खारे वारे सुटतात आणि तासाभरात पाण्यावर आखूड, उभ्या, एकामागोमाग येणाऱ्या लाटा उठतात. पर्यटक मात्र जेवून, अंमळ विसावून, नेमके त्याच वेळी किनाऱ्यावर येतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा ठिकाणी ओहोटीचे पाणी बाहेर ओढत असते, वारा ते आत ढकलत असतो आणि लाटेला कोणता एक असा रोख उरत नाही. लांबलचक लाटेवरून गाडी चढते-उतरते. या आखूड लाटांवर ती पायऱ्यांवरून उतरल्यासारखी आदळत जाते. शिवाय आपल्या पाण्यात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि तुटलेल्या जाळ्यांचे नायलॉन. ते पोटाखालच्या तोंडात ओढले गेले की जगातली उत्तमातली उत्तम जाळीही काही कामाची नाही. मग लाटेत गाडी बंद पडते, आडवी होते आणि उलटते.

अशा पाण्यासाठी आपल्या काही गाडीमालकांनी काय बसवले आहे, ते मी किनाऱ्यावर राहणारी म्हणून रोज पाहते. रंगीत हँडल, झगमगीत पट्टे, मोठा आवाज काढणारी धुराची नळी आणि शर्यतीचे पंख, तेही अगदी खाली ओढून बसवलेले! मागच्या माणसाला धरायला धड पट्टा नाही, चटई झिजून गुळगुळीत झालेली. मी नावे घेणार नाही, कारण हा दोष एकट्यादुकट्याचा नाही. एका मालकांशी याविषयी बोलणे झाले, तेव्हा ते म्हणाले, "गिऱ्हाईक रंग बघून येते, पट्टा बघून येत नाही." त्यांचेही खोटे नाही. कर्ज त्यांनी काढलेले असते, हंगाम मोजक्या महिन्यांचा, आणि शेजारची गाडी अधिक चकचकीत असली तर गिऱ्हाईक तिकडे जाते. पण ज्या गिऱ्हाइकाला पट्ट्याचे महत्त्व कळत नाही, त्याच्या वतीने ते कोणाला तरी कळायला नको का? विहिरीत उतरणाऱ्याला दोराची परीक्षा नसली, तरी दोर सोडणाऱ्याला ती असावीच लागते.

आणि हे आपल्याला नवीन का असावे? आपल्या पूर्वजांना जोडसामान ठाऊक होते. आपल्या होडीची उलांडी दुसरे काय आहे? अरुंद होडी लाटेत कलंडते, म्हणून तिच्या एका अंगाला दोन आडव्या दांड्या बांधून त्यांच्या टोकाला लाकडाचा लांबट ओंडका तरंगत ठेवला. कोणा तरी जाणत्याने होडी बांधून झाल्यावर, खवळलेल्या पाण्याचा विचार करून ती वरून जोडली. उलांडीही काही देते आणि काही घेते. ती होडीला सावरते, पण पाणी अडवते, वेग थोडा कमी करते, दुसऱ्या होडीला त्या बाजूने लागू देत नाही आणि दोन्ही अंगांना वळण सारखे ठेवत नाही. हा सौदा आपल्या माणसांनी डोळे उघडे ठेवून केला. कारण होडी बांधणारा, चालवणारा आणि तिच्यात आपले पोर घेऊन बसणारा हे बहुधा एकाच घरातले, निदान एकाच वाडीतले असत. आजच्या गाडीत सामान करणारा परदेशात, विकत घेणारा मालक पेढीवर, चालवणारा पोर पगारी आणि मागे बसणारा परगावचा. चौघांची एकमेकांशी गाठ नाही. माझ्या मते सोसाचे मूळ इथे आहे. माणसांच्या मूर्खपणात नाही.

मग करावे काय? माझ्या अल्प बुद्धीला सुचते ते सांगते. पहिली गोष्ट, जोडसामानावर जो पैसा खर्च होतो तो आधी पाणी धरणाऱ्या जाळीवर, झिजलेला पंखा बदलण्यावर आणि मागच्या माणसाच्या हातापायांच्या आधारावर व्हावा. मागच्या माणसाचे पडणे ही साधी बाब नव्हे. झोताच्या अगदी तोंडाशी पडलेल्या माणसाला त्या पाण्याच्या जोराने शरीराच्या आत गंभीर इजा होऊ शकते. तसा इशारा कंपन्या गाडीवरच चिकटवतात, पण तो इंग्रजीत असतो आणि आसनावर बसलेल्याला दिसत नाही. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली दोरी तो पडला की यंत्र बंद करते. मागचा पडला तर यंत्राला पत्ताही लागत नाही. दुसरी गोष्ट, पर्यटक बसवायच्या गाडीचे पंख वर, सैल ठेवावेत. गाडी थोडी घसरून वळली तर बिघडत नाही. माणूस घसरता कामा नये. तिसरी गोष्ट, बदल एका वेळी एकच करावा आणि तो ज्या पाण्यात धंदा करायचा त्याच पाण्यात, दुपारच्या वाऱ्यात, मागे माणूस बसवून पारखावा. तीन वस्तू एकदम बसवल्या तर कोणत्या वस्तूने काय केले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चौथी, प्रत्येक किनाऱ्यावर निदान एका गाडीला बचावाची गादी असावी. गोव्याच्या किनाऱ्यावर जीवरक्षक जेट स्की वापरतातच. तेव्हा आपल्याकडच्या धंद्याच्या गाड्यांपैकी एक त्या कामासाठी सज्ज ठेवणे अशक्य नाही. आणि पाचवी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती ही की, सामान घेताना चालवणाऱ्याला विचारावे. पगारी पोर म्हणून त्याचे मत कोणी विचारीत नाही; पण पाणी त्याच्या मनगटाशी बोलते, मालकाच्या वहीशी नाही.

"या सर्वाशी महाविद्यालयाचा काय संबंध?" असे कोणी प्राध्यापक विचारतील, तर त्यांना माझे नम्र उत्तर असे: संबंध भाषेचा आहे. उलांडी, सुकाणू, नाळ, तांडेल हे शब्द आपल्याकडे आहेत, कारण त्या वस्तू आपल्या माणसांनी हाताळल्या, पारखल्या आणि त्यांच्याविषयी ती एकमेकांशी बोलली. स्पॉन्सनला आपल्याकडे शब्द नाही. शब्द परका असला म्हणून आकाश कोसळत नाही. पण ज्या वस्तूविषयी आपण आपल्या भाषेत चार वाक्ये बोलू शकत नाही, ती वस्तू आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच विकत घेतो. गाडी चालवणारी मुले आपसात बरेच काही बोलतात. कोणत्या वाऱ्यात कोणती गाडी नेऊ नये, खाडीच्या मुखाशी मूठ केव्हा सैल करावी, हे त्यांना ठाऊक आहे. ते कोणी लिहून ठेवलेले नाही. हे काम यंत्रशाळेचे नाही, आपले आहे.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने एक सूचना करते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या विभागाने पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी किनाऱ्यावर एक दिवसाचा मेळावा घ्यावा. भाषणे नकोत, हारतुरे नकोत. मालकांना, चालवणाऱ्या मुलांना आणि जुन्या तांडेलांना एकत्र बसवावे, दोन-तीन गाड्या वाळूवर ओढून आडव्या कराव्यात, त्यांच्या पोटाखालचे सामान सर्वांनी डोळ्यांनी पाहावे आणि कोणती वस्तू काय देते, काय घेते, हे मुलांनी आपल्या बोलीत सांगावे. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी ते उतरून घ्यावे. त्यातून चार पानांची पुस्तिका झाली आणि ती प्रत्येक गाडीमालकाच्या टपरीत टांगली गेली, तरी या वर्षी आपण काही केले असे म्हणता येईल. तीत मागे बसणाऱ्यासाठीही एक पान असावे, मोठ्या अक्षरात आणि मराठीत. शेवटच्या बाकावरची आपली मित्रमंडळी या कामात पहिल्या बाकावर बसतील, याची मला खात्री आहे.